दारावरची ओळ

एकदा एक वृद्ध गुरुजी नाताळच्या आठवड्यात आपल्याच घराची दर्शनी भिंत खुरप्याने खरवडू लागले. साऱ्या आळीने नुकताच भिंतींना चुना चढवला होता आणि हे महाशय होता तो उतरवीत होते. कोणी म्हणाले, साठी बुद्धी नाठी. पण गुरुजींची साठी केव्हाच मागे पडली होती आणि बुद्धी तर अजून साऱ्या आळीला पुरून उरेल इतकी होती. त्यामुळे लोक येता-जाता थांबत, पाहत आणि काही न बोलता पुढे जात.

ही गोष्ट नगरकडच्या एका गावाची. तेव्हा तिथल्या ख्रिस्ती आळीत सगळी घरे धाब्याची, मातीच्या भिंतींची होती आणि दारे इतकी ठेंगणी की पाहुण्याला आत येताना आपोआप नमस्कार घडे. नाताळ जवळ आला की घराघरांत करंज्या तळल्याचा वास सुटे, बाहेर चुन्याची घमेली भिजत आणि भिंती दुधासारख्या पांढऱ्या होत. चुना वाळला की प्रत्येक दाराच्या वर लाल कावेने एक ओळ लिहिली जाई. 'या घराचा धनी प्रभू येशू.' घर गरिबाचे असो की चार पैसे बाळगून असणाऱ्याचे, ओळ तीच. शिंदीची काडी ठेचून केलेला कुंचला, वाटीत कालवलेली काव, आणि अक्षरे सरळ यावीत म्हणून कावेत बुडवून भिंतीवर ताणून मारलेली दोरी. ती दोरी भिंतीवर 'टप्' असा आवाज करी. हा आवाज आला म्हणजे नाताळ आला. आता आमच्याकडे छापील, चकचकीत पाट्या बाजारात मिळतात आणि खिळा ठोकला की काम होते. सोयीचे आहे, नाही कसे म्हणू? पण तो आवाज गेला, आणि मला त्याची फार आठवण येते.

ही ओळ वर्षानुवर्षे गुरुजीच लिहीत. गावच्या शाळेत त्यांनी साऱ्या आळीला अक्षर शिकवले होते. पुढे त्यांचा हात कापू लागला तेव्हा त्यांनी कुंचला आपल्या एका शिष्याच्या हाती दिला. शिष्याचे नाव शांतवन. बाप लहानपणीच वारलेला, आईने मजुरी करून वाढवलेला. गुरुजींच्या हाताखाली त्याचे अक्षर असे तयार झाले की तो त्यावरच पोट भरू लागला. बैलगाड्यांवर मालकाची नावे, दुकानांच्या पाट्या, सारे त्याचेच काम. बाजारपेठेतल्या वाणीशेठच्या दुकानाची पाटीही त्यानेच रंगवली होती आणि शेठ ती आल्यागेल्याला कौतुकाने दाखवीत.

त्या वर्षी दसरा झाला आणि शांतवनची बायको करुणा पहिल्या बाळंतपणात गेली. मुलगी वाचली. मांडवात उभे राहून करुणाने लाजत लाजत नाव घेतले होते त्याला पुरते दोन नाताळही झाले नव्हते. जिच्या स्वागताला दारावरची ओळ त्याने पुन्हा नव्याने रंगवली होती, तिचीच पेटी त्या ओळीखालून बाहेर निघाली. दार ठेंगणे, म्हणून खांदेकऱ्यांना वाकावे लागले. शांतवनने त्या वेळी मान वर केली आणि ओळ वाचली. तेव्हापासून ती त्याला सलू लागली.

दुःख होते ते होतेच. त्यात भर पडली वाणीशेठच्या दुकानात. शेठ मनाचे वाईट नव्हते, पण जिभेला हाड नाही ही म्हण जणू त्यांच्यासाठीच जन्माला आली होती. शांतवन तेल घ्यायला गेला होता. दुकानात चार माणसे बसलेली. शेठ मापाने तेल ओतता ओतता म्हणाले, "काय रे शांतवन, तुमच्या दारावर लिहिलंय ना, घराचा धनी येशू म्हणून? मग घरधनीण गेली तेव्हा धनी कुठं गावाला गेला होता का?"

चारही माणसे हसली. आणि शांतवनही हसला. का हसला ते त्याला सांगता येईना. चारचौघांत माणूस हसतो तसा तो हसला, तेलाची बाटली घेतली आणि घरी आला. पण ते हसणे त्याच्या मागे मागे आले. मेलेल्या बायकोवर आपण हसलो, आपल्या प्रभूवर हसलो, असे त्याला वाटत राहिले. आणि ज्या गोष्टीवर आपण हसलो ती घराच्या कपाळावर मिरवायची तरी कशी?

नाताळ आला. शांतवनने आळीतल्या सगळ्या दारांवर ओळ लिहिली, नेहमीसारखीच सुरेख. आपल्या दारावर मात्र त्याने चुन्याचा जाड हात फिरवला आणि काव भिजवलीच नाही. दार पांढरेफटक राहिले. आईला म्हणाला, "आई, नाताळ झाला की मी पुण्याला जातो. तिथं पाट्या रंगवायचं काम मिळतंय. आणि तिथं मी शांताराम नाव सांगणार. कोणी काही विचारायलाच नको."

त्याची आई साराबाई पोरीला पदराखाली घेऊन तडक गुरुजींच्या दारात आली.

"सलाम गुर्जी," ती म्हणाली आणि तिथेच बसली. "पोरानं दार कोरं ठिवलंय. वर म्हणतोय नावबी बदलतो. बाप्तिस्म्याच्या येळी त्याच्या बापानं लई हौसेनं ठिवलेलं नाव हाय वो ते. करुणा गेली, आता ह्योबी चाललाय माझ्या हातातनं. तुमी काय तरी बोला त्याला. तुमचं ऐकंल त्यो."

पोरीने पदरातून हात बाहेर काढला होता. तिच्या मुठीत गुरुजींनी आपले बोट दिले.

"साराबाई, मी बोललो तर तो ऐकेल," ते म्हणाले. "पण नुसतं ऐकून काय होणार? उद्या त्याला माझ्याकडे पाठवू नका. तो आपणहून येईल."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते खुरपे घेऊन आपली भिंत खरवडू लागले.

शांतवन खरेच आला. कोणीतरी त्याला सांगितले होते, की गुरुजी तू लिहिलेली ओळ पुसतायत. तो धावतच आला. पाहतो तर म्हातारा पाटावर उभा राहून दाराच्या वरचा चुना खरवडतो आहे, पांढरी भुकटी त्याच्या भुवयांवर बसली आहे.

"गुरुजी! अहो परवाच तर लिहिलं मी. काही चुकलं का?"

"काही चुकलं नाही. अक्षर झकास आहे. धर हे खुरपं, माझे हात भरून आले. पण हळू. कांद्याचे पापुद्रे काढतात तसा एकेक पापुद्रा काढ, घाई करू नकोस."

शांतवनला वाटले, म्हातारपणाचा हट्ट आहे, पुरवावा. तो पाटावर चढला. परवाची आपली ओळ त्याने स्वतःच्या हाताने खरवडून काढली. चुन्याची एक पातळ साय सुटून आली आणि तिच्याखाली गेल्या नाताळची ओळ लाल लाल वर आली. तीही त्याचीच होती. गेल्या नाताळला करुणा खाली काव कालवीत उभी होती, ते त्याला आठवले. त्याचा हात थबकला.

"पुढे," गुरुजी म्हणाले.

तो थर गेला. मग आणखी एक गेला. आता गुरुजींचे स्वतःचे अक्षर लागले. काय अक्षर होते ते! दोन्ही टोकांना फुले काढलेली, काना उभा, वेलांटी कमानीसारखी. "त्या साली शाळेला दुसरी खोली मिळाली," गुरुजी खालून म्हणाले. "फार मिजाशीत होतो मी." आणखी एका थरावर रंग फिकट होता. दुष्काळात काव मिळाली नव्हती, तेव्हा विटेचा चुरा पाण्यात कालवून लिहिले होते. शांतवनला आता खरवडण्याची गोडी लागली. एका पाठोपाठ एक नाताळ त्याच्या हाताखालून सुटत होते. ज्या वर्षांत तो जन्मलाही नव्हता ती वर्षे भुकटी होऊन त्याच्या अंगावर पडत होती.

मग एका थराखाली लाल रंगाऐवजी काळे काही लागले. कोळशाने लिहिलेले होते. 'या घराचा' एवढे दोन शब्द गुरुजींच्या वळणाचे, पण कापऱ्या हाताने लिहिलेले. आणि त्यापुढची अक्षरे भलत्याच कोणाची तरी. मोठी, बेढब, एक वर तर एक खाली. शेवटचा शब्द तर थेट चौकटीपर्यंत घसरत आला होता. पहिलीतल्या मुलाने लिहिले असते तर गुरुजींनी कान धरला असता.

"हे कोणी लिहिलं, गुरुजी?"

गुरुजी दाराच्या उंबऱ्यावर बसले होते. त्यांनी वर पाहिले नाही.

"ते साथीचं वर्ष. माझी बायको गेली आणि मागोमाग दोन्ही पोरं गेली. याच दारातून. नाताळ आला तेव्हा घरात मी एकटा. काव आणायचं त्राण नव्हतं. चुलीतला कोळसा घेतला आणि लिहायला उभा राहिलो. 'या घराचा' इथवर लिहिलं आणि हात पुढे सरकेना. काय लिहू? कुणाचं घर? घर कुठं उरलं होतं? कोळसा हातात धरून किती वेळ उभा होतो कोण जाणे. तेवढ्यात तुझा बाप आला."

"माझा बाप?"

"याकोब. तेव्हा तुझा जन्म व्हायचा होता. मजूर माणूस, शाळा कधी पाहिली नव्हती. दिवसभर राबून माझ्याकडे मोठ्यांच्या वर्गात येऊन नुकती कुठं बाराखडी शिकला होता. तो काही बोलला नाही. धीर धरा, देवाची इच्छा, असलं काहीसुद्धा नाही. माझ्या मागे उभा राहिला, माझा हात कोळशासकट आपल्या हातात धरला आणि पुढची ओळ लिहिली. त्याला लिहिता येत नव्हतं आणि मला लिहवत नव्हतं. दोघांचं मिळून हे असं झालं."

शांतवनने बापाचे अक्षर कधीच पाहिले नव्हते. घरात बापाच्या हातचे काहीच नव्हते, एक कागद नाही, एक सही नाही. त्याने हात वर केला आणि त्या घसरलेल्या शब्दावरून बोट फिरवले. बोट काळे झाले. तो पाटावर उभ्या उभ्या रडू लागला. करुणा गेल्यापासून तो कोणासमोर रडला नव्हता. आळीतली माणसे पाहत होती, पण त्याला त्याचे काही वाटेनासे झाले.

गुरुजींनी त्याला पुरते रडू दिले. मग हाताने खुणावून खाली आपल्या शेजारी बसवले.

"गुरुजी," तो म्हणाला, "करुणा का गेली?"

"मला माहीत नाही. माझी माणसं का गेली तेही मला अजून कळलेलं नाही. प्रभू भेटेल तेव्हा विचारणार आहे." गुरुजींनी धोतराच्या सोग्याने भुवयांवरचा चुना पुसला. "पण शांतवन, एक सांग. ही ओळ लिहिली म्हणजे घरात ताप शिरणार नाही, बाळंतपण सुखरूप होईल, असं आपण कधी लिहिलं होतं का रे? आपण एवढंच लिहिलं, की हे घर कोणाचं. मांडव घातला तेव्हा त्याचं होतं, आणि पेटी निघाली तेव्हाही त्याचंच होतं. आणि दुकानात लोक हसले, ते माझ्याही कानावर आलंय. त्याच्याही डोक्यावर एक पाटी होती, आठवतं? क्रुसावर. ती त्याच्या माणसांनी लिहिली नव्हती, हसणाऱ्यांनी लिहिली होती. हातापायांत खिळे आणि वर राजा म्हणून पाटी! किती हसले असतील लोक. पण बाबा, जे थट्टेनं लिहिलं तेच खरं निघालं. आणि त्यानं एकदाही म्हटलं नाही, की ही पाटी काढा, मला लाज वाटते. ज्यांच्यासाठी तो तिथं होता, त्यांत तू होतास, मी होतो, करुणा होती. त्याला आपली लाज वाटली नाही. मग आपण त्याची का धरावी?"

शांतवन मान खाली घालून बसला होता. "मीपण हसलो, गुरुजी," तो अगदी हळू म्हणाला. "दुकानात. सगळ्यांबरोबर."

"प्रभूला धरून नेलं त्या रात्री शेकोटीपाशी बसून मी त्याला ओळखत नाही म्हणणाराही त्याचाच शिष्य होता," गुरुजी म्हणाले. "त्या शिष्याला प्रभूनं टाकलं नाही. ऊठ. ही भिंत आता अशीच राहू दे, यापुढे हिला चुना नको. चल तुझ्या दाराकडे."

साराबाईने काव केव्हाच भिजवून ठेवली होती. आयांना असल्या गोष्टी कोणी सांगाव्या लागत नाहीत. शांतवनने सवयीने दोरी शोधली, पण दोरी गुरुजींच्या हातात होती आणि त्यांनी ती खिशात घातली. तो पांढऱ्या भिंतीसमोर उभा राहिला आणि लिहू लागला. 'या घराचा' इथवर आला आणि पुढचा शब्द येईना. 'धनी', तोच तो शब्द. दुकानातली चार माणसे त्याच्या कानात पुन्हा हसली. कुंचल्यातून कावेचा एक थेंब भिंतीवरून ओघळला.

मागून एक सुरकुतलेला, कापणारा हात आला आणि त्याच्या हातावर बसला. दोघांनी मिळून उरलेली ओळ लिहिली. म्हाताऱ्याचा हात कापत होता, तरुणाचाही कापत होता. अक्षरे व्हायची तशी झाली, एक वर, एक खाली. शेवटचा शब्द चौकटीवर येऊन टेकला.

शांतवन दोन पावले मागे सरला आणि त्याचा जीव कसानुसा झाला. ज्याच्या हाताचे मोती गावभर वाखाणले जातात त्याच्याच दारावर हे असले अक्षर! तो ओले फडके घेऊन पुसायला पुढे झाला, आणि नेमके त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी वाणीशेठ दिसले. उधळलेली बकरी शोधत ते आळीत आले होते. दारासमोर माणसे गोळा झालेली पाहून ते थांबले.

शांतवनच्या हातात ओले फडके होते. एक हात फिरवला असता तर सगळे मिटले असते. गुरुजी बाजूला होऊन भिंतीला टेकले. आता ते काही करणार नव्हते. शांतवनने फडके खाली टाकले आणि तो दारात, त्या ओळीखाली जाऊन उभा राहिला.

शेठनी ओळ पाहिली, शांतवनला पाहिले, पुन्हा ओळ पाहिली.

"काय रे हे? माझ्या दुकानाची पाटी कशी मोत्यासारखी लिहिलीस. आणि इथं स्वतःच्या दारावर असं?"

"दोघांनी धरून लिहिलंय, शेठ," शांतवन म्हणाला. "एकट्याच्यानं होत नव्हतं. त्या दिवशी तुम्ही विचारलंत ना, धनी कुठं गेला होता? करुणा का गेली ते मला माहीत नाही. पण धनी कुठं गेलेला नाही. त्या दिवशी मी हसलो, तेवढं माझं चुकलं."

शेठच्या नजरेस दाराशी उभी साराबाई पडली, तिच्या कडेवरची पोर पडली. पोर टक लावून त्यांच्याकडे पाहत होती. शेठनी डोक्यावरची टोपी काढली, घाम नसताना कपाळ पुसले आणि एकेक शब्द जुळवत ती ओळ सबंध मोठ्याने वाचली. या वेळी त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

"वाकडं आलंय, पोरा," ते म्हणाले. "पण वाचता येतंय."

आणि बकरीला हाका मारीत ते पुढे गेले.

शांतवनने ती ओळ पुसली नाही. पुढे पोटासाठी तो पुण्याला गेला, पण गेला तो शांतवन म्हणूनच, आणि दर नाताळला दोरी आणि कुंचला घेऊन परत येत राहिला. मुलगी मोठी झाली तेव्हा तिने पहिली अक्षरे गिरवली ती गुरुजींच्या भिंतीवरच्या त्या कोळशाच्या ओळीखाली बसून. ती धाब्याची घरे आता पडली, तिथे पक्की घरे झाली, आणि दारांवर छापील पाट्या आल्या. त्यांतली अक्षरे अगदी सरळ असतात.

भरभराटीच्या दिवसांत आपल्या प्रभूचे नाव सुरेख अक्षरात लिहिता येतेच. दुःखाच्या दिवसांत ते वाकडे आले तरी हरकत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता आले म्हणजे झाले.